चौदा पांढऱ्या माश्या

माझी मावशी रोपं तपासायची. तुम्ही काय करता असं कुणी विचारलं तर ती एवढंच सांगायची, आणि समोरचा म्हणायचा, ‘‘म्हणजे काय करता?’’ मग ती गळ्यातल्या काळ्या दोरीला अडकवलेलं भिंग दाखवायची. त्या भिंगावरून तिला सगळे ‘भिंगवाली’ म्हणत. रोपवाटिकेचे मालकही फोनवर सांगत, ‘‘भिंगवालीने पाहिल्याशिवाय माझ्याकडून एक ट्रे बाहेर जात नाही.’’ मावशीला ते आवडायचं. आवडत नाही असं ती दाखवायची, पण त्या दिवशी घरी आल्यावर काकांना तेच वाक्य दोनदा ऐकावं लागायचं.

काका म्हणजे तिचा नवरा, शिंपी. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं, आणि मी वरच्या मजल्यावर राहायचे, त्यामुळे खालचं सगळं मला यंत्राच्या आवाजासकट ऐकू यायचं. रोपवाटिकेची जाळी फाटली की ठिगळ काकाच शिवायचे. एकदा त्यांनी मावशीला छान हळदी रंगाचा अंगरखा शिवला. ती म्हणाली, ‘‘हा घालून आत गेले तर सगळ्या माश्या माझ्याच अंगावर बसतील.’’ तो अंगरखा मला मिळाला.

ते खोटं नव्हतं. पांढऱ्या माशीला पिवळा रंग फार प्रिय. टाचणीच्या डोक्याएवढा जीव, पण टोमॅटोवाल्यांची झोप उडवणारा. ही माशी रोगट झाडाचा रस पिते आणि मग निरोगी झाडावर जाऊन बसते. दोन-तीन आठवडे काहीच दिसत नाही. नंतर शेंड्याची पानं वाटीसारखी वर वळतात, कडा पिवळ्या पडतात, झाड खुरटतं आणि फुलं गळतात. लोक त्याला चुरडामुरडा म्हणतात. त्यावर औषध नाही. माशीवर आहे, पण झाडात शिरलेल्या विषाणूवर नाही. रोप जितकं लहान, तितकं नुकसान मोठं. म्हणून रोपवाटिकेतले पहिले पंचवीस दिवस डोळ्यांत तेल घालून काढावे लागतात.

मावशीच्या जाळीघराला दोन दारं होती आणि मधे चार पावलांची अंधारी खोली. बाहेरचं दार लागल्याशिवाय आतलं उघडायचं नाही, मधल्या खोलीत कपडे झटकायचे, पांढरा डगला चढवायचा, मग आत. आत रोपांच्या रांगांवर पिवळी चिकट कार्डं टांगलेली. दर शनिवारी मावशी प्रत्येक कार्डावरच्या माश्या भिंगाने मोजायची आणि कार्डाच्या मागे पेनाने आकडा लिहायची. बहुतेक वेळा शून्य. दोनच्या वर गेला की त्या रांगेतली रोपं विकायची नाहीत, हा नियम तिनेच घालून घेतला होता.

नियमाच्या बाबतीत ती कडक होती, जरा जास्तच. आदल्या वर्षी एका उंच बाईने फोनवर बोलता बोलता दोन्ही दारं उघडी ठेवली. पाच मिनिटं असतील. मावशीने तिला सगळ्यांसमोर उभं केलं.

‘‘पाचच मिनिटं झाली हो,’’ ती बाई म्हणाली.

‘‘माशीला पाच मिनिटं म्हणजे आपली पाच वर्षं,’’ मावशी म्हणाली, आणि मालकांना सांगून तिला कामावरून काढायला लावलं. त्या रात्री मावशीला झोप छान लागली, असं तिनेच मला पुढे सांगितलं. ते सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

नंतर जे झालं ते एका बुधवारी. दुसऱ्या जाळीघरात न्यायचे तीनशे ट्रे बाहेर काढायचे होते, आणि ढकलगाडीचं चाक नेमकं मधल्या खोलीत निखळलं. गाडी ना पुढे जाईना ना मागे. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, कारण त्याला दुसरी खेप होती. दोन माणसं ट्रे हातात घेऊन दारात खोळंबली होती. मावशीने बाहेरच्या दाराला वीट लावली. आतल्याला लावायला काही मिळेना, तेव्हा पायातली चप्पल काढून खाली सरकवली. ‘‘पटापट घ्या,’’ ती म्हणाली. ते पटापट चाळीस मिनिटं चाललं. जाळीच्या बाहेर गुडघाभर तण माजलं होतं आणि वारं त्या बाजूने येत होतं. तिला ते दिसत होतं. एका पायात चप्पल नसलेली ती ट्रे मोजत राहिली.

शनिवारी ती दाराजवळच्या रांगेतलं कार्ड काढून उजेडात घेऊन गेली. चौदा. तिने पुन्हा मोजलं. तरी चौदाच.

त्या रांगेतली रोपं मंगळवारी अकरा शेतकऱ्यांकडे जायची होती. थांबवायची तर कारण सांगावं लागणार. कारण सांगायचं तर वीट आणि चप्पल सांगावी लागणार. आणि मग उंच बाई सगळ्यांच्या तोंडी येणार. मावशीने मनाशी म्हटलं, माशी म्हणजे रोग नव्हे, प्रत्येक माशीत विषाणू थोडाच असतो. हे खरंही होतं. तिने कपाटातून नवं कार्ड काढलं, ते आठवडाभर टांगलेलं वाटावं म्हणून त्याच्या मागे आधीच्या शनिवारची तारीख घातली, खाली शून्य लिहिलं, आणि ते दोरीला अडकवलं. जुनं कार्ड घडी करताना तिच्या बोटांना चिकटलं. तो डिंक साबणाने जाईना, तेल लावून काढावा लागला. दुसऱ्या दिवशी तिने रोपांवर फवारा मारून घेतला आणि सगळ्यांना सांगितलं की नेहमीचाच आहे.

मंगळवारी रोपं गेली. हिरवीगार, एकसारखी, कुणालाही हेवा वाटेल अशी.

विसाव्या दिवशी पहिला फोन आला. निवृत्त बसड्रायव्हर होता एक, त्याने आयुष्यात पहिल्यांदाच दोन हजार टोमॅटो लावले होते. ‘‘पानं गोळा व्हायला लागलीत,’’ तो म्हणाला. ‘‘पाणी कमी पडतंय का?’’ ती मालकांबरोबर गेली. ड्रायव्हर रांगेत उकिडवा बसला होता आणि बोटाने एक पान पुन्हा पुन्हा सरळ करत होता. सोडलं की ते परत वळायचं.

आठवड्याभरात अकराही ठिकाणांहून तीच बातमी. रोपांच्या डॉक्टरीणबाई आल्या. सरकारी नोकरीत होत्या, पण बुटांना कायम चिखल. त्यांनी पानं पिशव्यांत घातली आणि सांगितलं, ‘‘चुरडामुरडाच. नमुने पाठवते, पण शंका नाही.’’

‘‘आलं कुठून?’’ ड्रायव्हरने विचारलं.

त्या उत्तर द्यायच्या आत कुणीतरी रस्त्याच्या टोकाकडे हात केला. तिथे मास्तरांचा तुकडा होता. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, एकटे राहणारे गृहस्थ. त्यांनी मागच्या हंगामाची टोमॅटोची झाडं काढलीच नव्हती. जिवंत झाड उपटायला त्यांचा हात धजत नसे. त्या जुनाट झाडांना गोटीएवढे टोमॅटो यायचे आणि जाणारी-येणारी पोरं ते तोडून खायची. आता सगळे त्या झाडांजवळ गेले. पानं वळलेली होती. हात लावताच राख उडावी तशा पांढऱ्या माश्या उठल्या.

‘‘घ्या,’’ ड्रायव्हर म्हणाला. ‘‘इथे कारखानाच आहे.’’

आवाज ऐकून मास्तर बाहेर आले. त्यांना सगळं सांगण्यात आलं, एका वेळी चौघांनी. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ‘‘माझ्यामुळे झालं असेल तर मी काय बोलू,’’ ते म्हणाले. ‘‘आजच काढतो सगळं.’’ आणि तिथल्या तिथे वाकून त्यांनी पहिलं झाड उपटलं. माश्यांचा ढग उठला आणि शेजारच्या शेताकडे गेला.

लोक पांगले. मावशी थांबली. ‘‘असं नाही, मास्तर,’’ ती म्हणाली. ‘‘आधी झाडावर पोतं घालायचं, तोंड आवळायचं, मग उपटायचं. आणि सकाळी लवकर करायचं, तेव्हा माशी सुस्त असते.’’ दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः पोती घेऊन गेली. ती पोतं धरायची, ते झाड उपटायचे. दीडशे झाडं होती. शेवटी मास्तर धाप लागून बांधावर बसले आणि म्हणाले, ‘‘एवढ्या लोकांत तुम्ही एकट्या थांबलात. उपकार आहेत तुमचे.’’

मावशीने पोती गोळा केली. घरी आली आणि जेवली नाही.

तिला काकांना सांगायला आठ दिवस लागले. मी जिन्यात होते. खाली शिवणयंत्र थांबलं ते बराच वेळ सुरूच झालं नाही. मग काकांचा आवाज आला. ‘‘कुणाला बोलली आहेस?’’

‘‘नाही.’’

‘‘मग बोलू नकोस. गेलेली झाडं परत येणार आहेत का? नोकरी जाईल ती वेगळीच.’’

‘‘मास्तर चहाच्या टपरीवर येईनासे झालेत. लोक त्यांच्याशी बोलत नाहीत.’’

‘‘विसरतील लोक. चार महिन्यांनी कुणाच्या लक्षातही राहणार नाही.’’

‘‘माझ्या राहील ना.’’

काका म्हणाले, ‘‘तुझ्या राहिलं तर मी आहे.’’ ते वाईट माणूस नव्हते. त्यांना बायको सांभाळायची होती, एवढंच.

मावशी मूग गिळून बसली, आणखी दोन आठवडे. या काळात ती विचित्र वागायला लागली. तीच तीच रोपं चार वेळा तपासायची. आतल्या दाराची कडी लागली का ते पाहायला अर्ध्या वाटेवरून परत जायची. एक दिवस मला म्हणाली, ‘‘त्या उंच बाईचं घर कुठे आहे, माहीत आहे का तुला?’’ मला माहीत नव्हतं. कशाला हवंय असं विचारलं तर म्हणाली, ‘‘काही नाही.’’

शेवटी ती मास्तरांकडे गेली. ते टेबलाशी बसून जुन्या वह्या रद्दीसाठी बांधत होते. तिने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं: वीट, चप्पल, चौदा माश्या, मागची तारीख. मास्तर ऐकत होते आणि दोरीची गाठ मारलेल्या ठिकाणी बोट धरून बसले होते.

‘‘झालं सांगून?’’ त्यांनी विचारलं.

‘‘हो.’’

‘‘तुम्हाला हलकं वाटलं असेल. मला नाही वाटलं.’’ त्यांनी गाठ पक्की केली. ‘‘मला सांगून काय उपयोग? मला तर आधीच माहीत होतं की मी मुद्दाम काही केलेलं नाही. त्या अकरा जणांना माहीत नाही. त्यांना सांगा.’’

तिला वाटलं होतं ते रागावतील, किंवा जाऊ द्या म्हणतील. दोन्हींसाठी तिने मनाची तयारी केली होती. यासाठी नव्हती.

त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी शाळेच्या वर्गात बैठक बोलावली होती, पुढचा हंगाम कसा वाचवायचा ते ठरवायला. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मास्तर आले नव्हते. बाई बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा मावशी म्हणाली, ‘‘आधी मला बोलू द्या.’’

ती फळ्याकडे तोंड करून बोलली असती तर बरं, असं मला वाटत होतं, पण ती लोकांकडे बघून बोलली. आवाज बारीक झाला, थांबला नाही. मालकांनी मान खाली घातली होती.

मग ड्रायव्हर म्हणाला, ‘‘त्या दिवशी तुम्ही माझ्या शेतात आला होता. मी परत विचारलं, पाणी कमी पडतंय का. तुम्ही म्हणालात, पाणी ठीक आहे.’’

‘‘हो.’’

‘‘तेव्हा माहीत होतं?’’

‘‘तेव्हा माहीत होतं.’’

तो उठून दाराशी जाऊन उभा राहिला. निघून मात्र गेला नाही.

डॉक्टरीणबाईंनी सावरून घ्यायचा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, ‘‘तुमच्या दारातून माशी शिरली हे खरं. पण तिने रोग आणला कुठून? मास्तरांच्या झाडांवरून आणला असेल, रस्त्याकडेच्या तणातून आणला असेल, तुमच्यापैकी कुणाच्या बांधावरून आणला असेल. ते आता कुणालाच सांगता येणार नाही. मास्तरांची झाडं काढायला हवी होती, हेही तितकंच खरं.’’

‘‘माशी कुठून आली ते मला माहीत नाही,’’ मावशी म्हणाली. ‘‘पण कार्ड मी बदललं.’’

त्यानंतर बैठक झाली, आणि बरी झाली. बाईंनी सांगितलं की झाडं आजारी दिसताच काढा, ‘बघू सुधारतंय का’ म्हणून ठेवू नका, कारण ते सुधारत नाही. रोज औषध मारून फायदा नाही. माशीला त्याची सवय होते, आणि तिला खाणारे किडे तेवढे मरतात. जुनं पीक एकाच तारखेपर्यंत सगळ्यांनी काढायचं, मग दोन महिने कुणीही टोमॅटो-मिरची लावायची नाही, तण कापायचं, म्हणजे माशी रोग घेईल तरी कुठून. शेताच्या कडेने मक्याच्या दाट रांगा लावायच्या. रोगाला दाद न देणारं वाण मिळालं तर तेच लावायचं. लोकांनी पन्नास शंका काढल्या, दोघे भांडले, पण तारीख ठरली.

मालकांनी मावशीला काढलं नाही. तपासणीवरून उतरवलं आणि ट्रे धुवायला बसवलं. त्यांनी अकराही जणांना पुढच्या हंगामाची रोपं फुकट द्यायचं कबूल केलं. मावशीने भिंग त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि एकच गोष्ट मागितली. ‘‘त्या उंच बाईला परत बोलवा,’’ ती म्हणाली. ‘‘तिची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. मी तिला काढलं ते पाच मिनिटांसाठी.’’ मालकांनी निरोप धाडला. ती बाई आठ दिवस आली नाही, नवव्या दिवशी आली. तिने भिंग घेतलं, पण मावशीला ती कधी काही विचारायची नाही. काम सांगायची, तेवढंच. मावशी ते करायची.

रोज पहाटे कामाआधी मावशी पोती घेऊन त्या अकरा शेतांपैकी एकाकडे जायची आणि रोगट झाडं उपटून द्यायची. दोघांनी तिला बांधावरूनच परत पाठवलं. ड्रायव्हरने येऊ दिलं, पण पहिला आठवडा तो तिच्याशी बोलला नाही. झाड दाखवायचं असलं की काठीने खूण करायचा. मग एक दिवस त्याने तिच्या हातातलं पोतं घेतलं आणि म्हणाला, ‘‘तुम्ही उपटा, मी धरतो. तुमची पाठ गेली वाटतं.’’ ज्यांनी झाडं लवकर काढली त्यांच्या हाती निम्मं पीक तरी लागलं. ज्यांनी वाट पाहिली त्यांचं बहुतेक गेलं. ड्रायव्हरचं निम्म्याहून कमी आलं.

पुढच्या हंगामात तारखेच्या दिवशी सगळी शेतं मोकळी होती. एकाने चार मिरच्या घरामागे लपवल्या होत्या, त्या त्याच्या बायकोनेच उपटून आणल्या. नंतर लागवड झाली तेव्हा रोग आला, नाही असं नाही, पण शंभरात तीन-चार झाडं. लोकांनी ती पोतं घालून काढली. मक्याच्या रांगांपाशी गप्पा मारत उभे राहायची फॅशनच निघाली. मावशी त्या गप्पांत नसायची. कुणी बोलावलं तर ट्रे राहिलेत म्हणायची.

बैठकीनंतर ड्रायव्हर आणि आणखी चौघे मास्तरांकडे गेले होते. त्यांनी माफी मागितली, मास्तरांनी चहा केला, सगळं रीतसर झालं. ते टपरीवरही येऊ लागले. पण लागवडीच्या वेळी त्यांनी आपल्या तुकड्यात काहीच लावलं नाही. लागवड उरकली त्या महिन्यात त्यांची मुलगी दुसऱ्या शहरातून आली आणि त्यांना घेऊन गेली. तुकडा त्यांनी ड्रायव्हरला कसायला दिला.

जायच्या सकाळी मावशी त्यांना भेटायला गेली. मी सोबत होते. ते पिशव्या मोजत होते. तिला पाहून म्हणाले, ‘‘आलात? बरं झालं,’’ आणि मुलीला सांगितलं, ‘‘या बाई रोपवाटिकेत असतात.’’ आणखी काही सांगितलं नाही. मुलीने हसून नमस्कार केला. मावशीने एक पिशवी उचलून गाडीत ठेवली.

परत येताना तिने दोनदा मागे वळून पाहिलं. मग म्हणाली, ‘‘एवढी वर्षं एकटे राहिले, तेव्हा मुलीकडे गेले नाहीत. आत्ताच का गेले असतील?’’

‘‘वय झालंय,’’ मी म्हणाले. ‘‘मुलीलाही काळजी असणार.’’

‘‘हो, तेही असेल,’’ ती म्हणाली. ‘‘मी विचारणार होते. पण तो प्रश्न विचारायचा हक्क मला कुठून असणार?’’

रस्त्याच्या टोकाला ड्रायव्हर मास्तरांच्या तुकड्यात तण कापत होता. त्याने हात वर केला. मावशीनेही केला, आणि आम्ही आपापल्या कामाला निघालो.